निर्णयाच्या धड्यातली तुझी वाक्यं

रंजना,

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. शाळेतून फोनवर, जिन्यात, भाजीवाल्यापाशी लोक मला विचारतात, वहिनीला काय झालेलं? मी आजाराचं नाव सांगते. ते नाव ऐकलं की माणसं पुढचं विचारत नाहीत, आणि ते मला बरं पडतं. पुढचं कोणी विचारलं असतं तर काय सांगावं लागलं असतं, ते आज तुलाच लिहिते आहे. तुला यातलं बरंचसं ठाऊक होतं. पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

विलासशी लग्न करून तू आंबिवलीच्या घरात आलीस तेव्हा मी कोपरीला संसाराला लागून सहा वर्षं झालेली. माझं माहेर ते तुझं सासर झालं आणि माझी आई तुझ्या वाट्याला आली. मी रविवारी यायचे, हातात फळं घेऊन, पाहुण्यासारखी. तू चहा ठेवायचीस आणि आई माझ्याकडे तुझ्या तक्रारी करायची, तुझ्या देखत. मूल नाही यावरूनही बोलायची. तू कपात चहा ओतता ओतता म्हणायचीस, "सांगा सांगा, ताईंना सगळं सांगा, नाहीतर त्यांचा रविवार फुकट जायचा." आईसुद्धा हसायची. आईला हसवणं मला पन्नास वर्षांत जमलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. मी विलासला फोनवर नुसतं कळवलेलं. मागून तुझा आवाज आला, "ताईंना सांगा, बॅग भरतेय, उद्या येते." तीन आठवडे तू माझ्या दोन खोल्यांत जमिनीवर झोपलीस. मी तुला बोलावलंच नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा आई हिंडती-फिरती होती, म्हणून तुला येता आलं, असं मी स्वतःला सांगत आले आहे.

मग आईला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं, राहिले दोन-चार शब्द. दिवसभरासाठी बाई ठेवून पाहिली. चौथ्या दिवशी आईने तिच्या मनगटाला चावा घेतला. दुसरी बाई दुपारीच निघून गेली. आई अंगाला हात लावू द्यायची ती फक्त तुला. आणि मला. म्हणजे तिने मलाही लावू दिला असता. मी कधी लावला नाही.

दीड वर्ष तू तिला उचललंस, पुसलंस, कूस बदललीस. मग एका रविवारी मला म्हणालीस, ठाण्यात एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बाई हवी आहे, आज नाही तर वर्षभराने मिळेल, पण इंग्रजी लागतं. मी शिकवायला लगेच तयार झाले. इतकी लगेच, की माझं मलाच नवल वाटलं. आता कळतं, आईचं सोडून दुसरं काहीही तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं.

माझी पद्धत तुला माहीत आहे. वीस वर्षं शिकवण्या घेऊन मी स्वतःची एक पुस्तिका केली आहे, झेरॉक्सची, स्वयंपाकघरापासून बँकेपर्यंत वीस धडे. रोज पाच वाक्यं लिहायची आणि ती खरी असली पाहिजेत. स्वतःच्या आजच्या दिवसातली. पुस्तकातला टॉम आणि त्याचं सफरचंद मला चालत नाही, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगते. तुलाही सांगितलं. खोटं वाक्य पाठवलंस तर तपासणार नाही म्हणाले.

आई जेवून झोपली की दुपारी तीनला तुझी वाक्यं व्हॉट्सॲपवर यायची. मला तेव्हा शाळेत ऑफ तास असायचा. स्वयंपाकघराच्या धड्यात तू लिहिलंस, "माय मदर-इन-लॉ वॉन्ट्स लेस सॉल्ट. व्हेन आय पुट लेस, शी वॉन्ट्स मोअर." मी ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं, सगळ्या बायका हसल्या. पाहुण्यांच्या धड्यात तू लिहिलंस, "माय सिस्टर-इन-लॉ कम्स ऑन संडे. शी ब्रिंग्ज ॲपल. शी गोज." ते मी कोणाला दाखवलं नाही.

निर्णय घेण्याचा धडा अकरावा. ऑगस्टच्या सुरुवातीला आपण तिथे पोचलो. तू विलासला आईपाशी बसवून कोपरीला आलेलीस. मी एकेक शब्दप्रयोग समजावत गेले. इन टू माइंड्स, मन दोन्हीकडे ओढतंय. वे अप, दोन्ही बाजू तोलून पाहणं. स्लीप ऑन इट, आज नको, रात्र जाऊ दे, सकाळी ठरवू. पुट ऑफ, पुढे ढकलणं. मेक अप युअर माइंड, एकदाचं ठरवून टाकणं. तू वहीत लिहून घेत होतीस आणि मधेच पेन खाली ठेवलंस.

"ताई, या लोकांकडे ठरवायला केवढे शब्द आहेत. आपल्याकडे एकच. बघू."

मी म्हटलं, आणखी एक आहे की, घरात विचारून सांगते.

"घरात म्हणजे कोणाला?" तू म्हणालीस. "घरात तर मीच असते."

हसलो आपण. त्याच दिवशी आपला तो वाद झाला, जो मिटलाच नाही. मी तुला इट्स अप टू यू शिकवत होते. तुम्ही ठरवाल ते. मी सांगितलं, हे फार सभ्य वाक्य आहे. समोरच्याला मोकळीक देतं, आपलं मत त्याच्यावर लादत नाही. रिसेप्शनला रोज लागेल. तू त्या वाक्याखाली रेघ ओढलीस. म्हणालीस, "म्हणजे मी एकटीच ना, ताई? तुम्ही बाजूला झालात." मी म्हटलं, असं नाही, तो आदर असतो. तू म्हणालीस, "तुम्ही टीचर आहात, तुम्हाला माहीत. मला हे वाक्य आवडलं नाही." मी म्हटलं, वाक्य आवडायचं नसतं, पाठ करायचं असतं. टीचर बोलली. तू पेन उचललंस.

पुढच्या मंगळवारी तीन वाजता पहिलं वाक्य आलं. "आय ॲम इन टू माइंड्स अबाउट द टेस्ट."

कसली टेस्ट, हे मी विचारलं नाही. वाक्य बिनचूक होतं. मी लिहिलं, गुड.

आता सरळ लिहिते, कारण आडवळणाने मी फार वर्षं बोलले. मला त्या मंगळवारीच कळलं होतं. त्याआधीच्या रविवारी तू आईला खुर्चीतून पलंगावर घेत होतीस. नेहमी तू तिला डाव्या अंगाला टेकवून उचलायचीस. त्या दिवशी तू उजवीकडून गेलीस, आईचं डोकं छातीशी आलं आणि तुझा श्वास अडकला. मी विचारलं, काय झालं? तू डावी काख दाबत म्हणालीस, "मुरगळलंय." काखेत मुरगळत नाही, रंजना. तुलाही माहीत, मलाही माहीत. मी ॲपल कापायला घेतलं.

मग रोज एकेक येऊ लागलं. पाचातली चार भाजीपाल्याची, दिवे गेल्याची, मागच्या बंद कारखान्याच्या भिंतीवर बसणाऱ्या माकडांची. पाचवं ते. मी फोन उघडायच्या आधी पाणी प्यायला लागले.

"द डॉक्टर टोल्ड टू डिसाइड अर्ली." मी दुरुस्त केलं, टोल्ड मी.

"आय विल स्लीप ऑन इट, बट आय डोन्ट स्लीप." यावर मी हसरा चेहरा पाठवला. पिवळा, दात दाखवणारा. तो अजून तिथेच आहे, तुझ्या वाक्याखाली.

"आय ॲम वेइंग अप. ऑन वन साइड ऑपरेशन, ऑन अदर साइड आई." मी लिहिलं, ऑन दि अदर साइड. आई हा शब्द तू मराठीतच लिहिलेलास. तो दुरुस्त करायलाही माझा हात धजला नाही.

कल्याणच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते तू तुकड्यातुकड्याने मला इंग्रजीत कळवत होतीस. गाठ आहे. तपासणीत वाईट निघाली आहे. लवकर काढली तर पुष्कळ आशा आहे. नंतर सहा आठवडे वजन उचलायचं नाही. हे शेवटचं वाक्य तू दोनदा पाठवलंस, सलग दोन दिवस. मला वाटलं चुकून. असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं, वाटलं नव्हतं.

मराठीत का नाही बोललीस, हे मी तुला विचारू शकत नाही, कारण उत्तर माझ्यापाशी आहे. मराठीत बोलली असतीस तर मला त्याच क्षणी उत्तर द्यावं लागलं असतं. तू मला जागा ठेवलीस. मोठी नणंद, वयाने पंधरा वर्षं थोरली, तिला तोंडावर कसं सांगायचं की तुमची आई आता तुम्ही न्या. म्हणून तू तपासायला पाठवलंस. आणि मी तपासत राहिले.

मला कारणं होती. माझी दहावीची तुकडी होती. दुसरा मजला, लिफ्ट नाही. घरात शिकवणीची मुलं. यांचं बीपी. सगळी खरी. पण एखाद्याने मला माझाच नियम लावला असता, स्वतःच्या आयुष्यातलं खरं एक वाक्य लिही म्हणून, तर मी लिहिलं असतं की मला माझ्या आईच्या अंगाची भीती वाटते. तिच्या वाकड्या झालेल्या ओठाची, तिच्या अंगाच्या वासाची, तिने धरलेल्या हाताची. लहानपणी तिने मला जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. आता मीच तिला मिठीत धरून उचलायचं, ते मला नको होतं. सहा आठवडे तर नकोच.

महिनाअखेरीस एका दुपारी पाचऐवजी एकच वाक्य आलं. प्रश्न होता. "ताई, व्हॉट शुड आय डू?"

मी स्टाफरूममध्ये होते. समोर वह्यांचा गठ्ठा. दोन निळ्या खुणा झालेल्या तुला दिसल्या असणार, म्हणजे मी वाचलं हे तुला कळलेलं. मी पाऊण तास वह्या तपासल्या. मग शेवटच्या तासाची घंटा झाली, आणि उठता उठता मी टाइप केलं, "इट्स अप टू यू."

पुढे लिहिलं, गुड क्वेश्चन.

दुसऱ्या दिवशी तीनला तुझी पाच वाक्यं आली. पाचवं होतं, "वी पुट इट ऑफ टिल दिवाळी." व्याकरण बरोबर होतं, दुरुस्त करण्यासारखं दुसरंच होतं. मी केलं नाही. लाज नव्हती ती. सुटल्यासारखं वाटलेलं मला, रंजना. त्या दिवशी मी येताना स्टेशनाबाहेर थांबून मोगरा घेतला. ते मी विसरू शकत नाही.

पुढे आपण बँकेचा धडा घेतला, पोस्टाचा घेतला. दिवाळी गेली. तू फराळाचे डबे घेऊन आलीस तेव्हा डावा हात पदराखाली होता. शंकरपाळ्या मी तळल्या नाहीत, विलासने तळल्या, म्हणून जाड झाल्यात, असं सांगून तू यांना हसवलंस. मी डबा हातात घेतला आणि तुझ्या हाताकडे पाहिलं नाही. निघताना तू दारात चप्पल घालत उभी राहिलीस, जरा जास्तच वेळ. मी म्हटलं, रिक्षा मिळेल ना? तू म्हणालीस, मिळेल.

जानेवारीत तुला उभं राहवेना, तेव्हा आम्ही तुला ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं. विलास खाली फॉर्म भरायला गेलेला. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी कल्याणचे कागद चाळले, फिल्म उजेडात धरली, तुझ्या साडीकडे पाहिलं, माझ्या चष्म्याकडे पाहिलं, आणि तुला कळू नये म्हणून माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. आजार हाडांत पोचला आहे. आता ऑपरेशनचा उपयोग नाही. ऑगस्टमध्ये आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही का थांबलात? ते हळू, स्पष्ट बोलत होते, सोप्या वाक्यांत. मी तुझ्याकडे बघितलं नाही. मला ऐकू येत होतं की तू माझ्या बाजूला प्रत्येक शब्द ऐकते आहेस.

बाहेर बाकावर तू म्हणालीस, "ताई, डॉक्टरांचं इंग्लिश सोपं होतं. मला सगळं कळलं."

त्यात टोमणा नव्हता, ते मला जास्त लागलं. एखाद्या विद्यार्थ्याने येऊन सांगावं तसं सांगितलंस. आणि मग माझ्याच हातावर हात ठेवलास. तुम्ही का थांबलात, या प्रश्नाचं उत्तर मी डॉक्टरांना दिलं नव्हतं. ते तू मला परत विचारलं नाहीस.

आई आता माझ्याकडे आहे. तुला ॲडमिट केलं त्या आठवड्यात चौघांनी खुर्चीत बसवून तिला दोन जिने वर आणली. मी शाळेतून रजा घेतली. मिळाली, एका अर्जात. कसं उचलायचं ते तू मला हॉस्पिटलच्या पलंगावरून शिकवलंस. आधी तिचा चांगला हात तुमच्या मानेत घ्या, मग तुमचा गुडघा तिच्या गुडघ्याला लावा, मग श्वास घ्या, श्वास न घेता उचलू नका. तुझा आवाज उरला नव्हता तरी तू मला तीनदा म्हणायला लावलंस, मी मुलांना म्हणायला लावते तसं. पहिल्या दिवशी आईने माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तसं पाहिलं. मग हात मानेत टाकला. वजन आहे तिचं, पण उचलता येतं. वास आहे, पण तिसऱ्या दिवशी कळेनासा झाला. सहा आठवडे कधीच होऊन गेले. एवढंच होतं ते. यापलीकडे काही नव्हतं. रोज दुपारी तिची कूस बदलताना मी हे मनाशी म्हणते, आणि ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत असते. तुला शोधते. तिच्या राहिलेल्या दोन-चार शब्दांत तुझं नाव आहे. माझं नाही.

सातव्या दिवशी आंबिवलीला तुझा विधी झाला. भन्तेजी आले, वंदना झाली, परित्राणाचा पाठ झाला, तुझ्या फोटोपुढे सगळ्यांनी फुलं वाहिली. माणसं जेवून पांगली. उरले आम्ही दोघं आणि शेजारची मावशी, जी तुझ्या लग्नात मिरवलेली. ती पत्रावळ्या गोळा करता करता विलासला म्हणाली की रडायचं तितकं रड, पण तुझी आई किती दिवस लेकीकडे राहणार, घराला बाई लागणारच. शहापूरकडे एक ओळखीतली आहे, नवऱ्याने सोडलेली, कामाला चांगली आहे, गरीब आहे. कामाला चांगली, हे तिने दोनदा म्हटलं.

भिंतीवर तुझ्या फोटोचा हार अजून ओला होता. त्या न पाहिलेल्या बाईचे हात मला दिसायला लागले, आईच्या काखेत घातलेले.

विलास मान खाली घालून बसलेला. म्हणाला, "ताईला विचारा. ती सांगेल तसं."

मी म्हटलं, बाई-बिई कोणी आणायची नाही. आई माझ्याकडेच राहील, ती आहे तोवर. मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली; इतकं एका दमात बोलताना तिने मला पाहिलं नव्हतं. पिशवी बांधून ती गेली.

मग विलासने वर पाहिलं. तुला माहीत आहे तो कसा बोलतो, भिंतीशी बोलल्यासारखा. म्हणाला, ऑगस्टात रंजनाने त्याला गाठीचं सांगितलं त्या दिवशी त्याला काही सुचलंच नाही. आईचं कोण करणार, हे त्याला एकट्याला ठरवता येईना, आणि मला फोन करायची हिंमत होईना. तर तोच तुला म्हणाला होता, तुमचं रोज बोलणं होतं, तू ताईला विचार, ताई म्हणेल तसं करू. मग तू एक दिवस येऊन सांगितलंस की दिवाळीपर्यंत थांबू. त्याला वाटलं, दोघींनी मिळून ठरवलं असेल. त्याने पुन्हा काढलं नाही.

म्हणजे तो प्रश्न तुझ्या एकटीचा नव्हता, रंजना. तुम्हा दोघांचं घर त्या एका वाक्यात माझ्या दारात येऊन उभं होतं. आणि तू परत जाऊन त्याला माझं उत्तर सांगितलं नाहीस. माझं वाक्य तू त्याच्यापासून, सगळ्यांपासून झाकून ठेवलंस आणि त्यावर आपलं म्हणून दुसरं घातलंस.

"ताई," विलास म्हणाला, "तिने तुला विचारलं नाही का?"

मला अजूनही एक वाट होती. तुझा फोन बंद होता, त्याला इंग्रजी वाचता येत नाही, आणि तू बोलणार नव्हतीस. मी नाही म्हटलं असतं तर तो आयुष्यभर तुलाच दोष देत बसला असता, का विचारलं नाहीस म्हणून.

"विचारलेलं," मी म्हटलं. "तिने विचारलेलं."